आपांचं राहिलेलं गाऱ्हाणं

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. मालवणहून एसटीने तासाभराच्या आत आहे, समुद्र दिसत नाही पण माडांच्या शेंड्यांना त्याचा वारा लागतो, एवढं पुरे. नाव न लिहिण्याचं कारण साधं आहे. तिथल्या एका माणसाने माझ्यापायी एक गोष्ट पोटात ठेवली आहे, आणि ती मी छापून गावभर करायची म्हणजे त्या माणसाचा दुसऱ्यांदा घात. तेव्हा इथली बाकीची नावंही खरी नाहीत. त्या माणसाला सगळे आपा म्हणत, एवढं मात्र खरं आहे. कोकणात दर वाडीला एक तरी आपा असतो, त्यावरून कुणाला काही पत्ता लागायचा नाही.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते आणि पुण्यातली नोकरी नुकतीच सोडली होती. कंपनीत माझं काम काय, तर इतरांची अडलेली कामं सोडवणं. कुठे काही फसलं की मला बोलवायचे आणि ‘हिच्याकडे दिलं म्हणजे झालंच’ असं म्हणायचे. हे ऐकून ऐकून माझं डोकं किती फिरलं होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. एक पाठपिशवी घेतली, महिनाभर एकटीने कोकणातली छोटी गावं हिंडायची ठरवली आणि कुडाळला गाडीतून उतरले. पहिल्या दिवशी कुडाळच्या बाजारात उगाचच सुकी मासळी बघत फिरले. दुसऱ्या दिवशी तारकर्ली, तिसऱ्या दिवशी देवबाग. तिन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला गेला, “एकट्याच इलास?” आणि त्याच्या मागोमाग दुसरा, “घोव खंय?” देवबागेत तर एका बाईंनी माझ्या जेवणात दोन सुरमयीचे तुकडे वाढले, एक माझा आणि एक मागून येणाऱ्या नवऱ्याचा. मी दोन्ही खाल्ले आणि चिडून ठरवलं की आता समुद्र सोडायचा, जिथे ‘होम स्टे’ची पाटी नाही तिथे जायचं.

चौथ्या दिवशी सकाळी जी पहिली एसटी दिसली तिच्यात बसले. फाट्यावर कंडक्टर म्हणाला की गाडी आज इथवरच, पुढे जायची नाही. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाटीवर गाव दीड किलोमीटर लिहिलं होतं. मी चालू लागले, आणि समोरून तो सगळा गावच चालत येताना दिसला.

बायकांच्या डोक्यावर टोपलीत भांडी, पुरुषांच्या खांद्यावर गाद्या, गाईम्हशी, वासरं, झाकल्या टोपल्यांमधून कलकलणाऱ्या कोंबड्या, दोरीने ओढले जाणारे कुत्रे. एका म्हाताऱ्या बाईंना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं होतं आणि त्या वर बसून चौघांनाही चालायचं कसं ते शिकवत होत्या. गावाच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्या बाजूला पांढरा सदरा, लेंगा आणि काखेत मिटलेली छत्री असे एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते आणि जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, मांजर घेतलं का, चूल विझवली का, म्हातारी आली का. मला पाहून त्यांनी छत्री आडवी धरली.

“फुडे खंय? गाव आज नाय आसा.”

मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यावर त्यांनी घसा साफ केला आणि एकदम शुद्ध मराठीत, कुठल्यातरी अदृश्य भोंग्यातून आल्यासारख्या आवाजात सांगितलं, “आजपासून तीन दिवस आणि तीन रात्री हे गाव बंद राहील. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.”

हे आपा. एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी वीसेक वर्षं कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारल्या होत्या. घरात, शेतात, भांडणात ते मालवणीच बोलत. पण विषय नियमाचा निघाला की त्यांच्या आत स्टँडवरचा लाउडस्पीकर सुरू व्हायचा. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, ते फार दिवसांपासून ठाऊक होतं. आपा शुद्ध बोलायला लागले की त्या हातातलं काम थांबवून म्हणत, “इली बघ मालवण-कुडाळ.”

गावपळण म्हणजे काय ते मला आपांनीच सांगितलं. तीनचार वर्षांनी एकदा देवाला कौल लावायचा. देवाने हो म्हटलं की अख्ख्या गावाने शिवेबाहेर पडायचं, माणसं, गुरं, कोंबडी, सगळं. तीन दिवस गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी शिवेवर गाऱ्हाणं घालायचं, पुन्हा कौल घ्यायचा, आणि देवाने होकार दिला की परत घरी. नाही दिला तर आणखी राहायचं. कुणी म्हणतं तो देवाचा वेळ आहे, कुणी म्हणतं भुताखेतांचा, शाळेतले मास्तर म्हणतात की गाव स्वच्छ व्हायला हवा लागते. आपांना विचारलं तर ते म्हणाले, “अगो बाय, वर्सानुवर्सा आमी तेच्या घरात रवतव. तीन दीस तेका एकट्याक सोडूक नको?”

मला राहायला जागा त्यांनीच दिली. शिवेपलीकडच्या मळ्यात घराघराने झावळ्यांच्या खोपी उभ्या केल्या होत्या, त्यांतल्या आपांच्या खोपीत काकींच्या शेजारी माझी वळकटी पडली. एकटीच का, घोव खंय, हे काकींनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की तू घोरतेस काय. मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग तुला माझं ऐकावं लागेल. त्यांना दमा होता.

ते पहिले दोन दिवस इतके चांगले होते की त्यांच्याबद्दल लिहायला मला आता लाज वाटते. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा. दिवसभर सगळी वाडी उघड्यावर, कुणाच्या चुलीवर काय आहे हे सगळ्यांना दिसतंय, वर्षभर न बोलणाऱ्या जावा एकाच विळीवर कांदे चिरतायत. शिवेबाहेरची शाळा आता जवळ झाली म्हणून पोरं वैतागलेली. आणि या सगळ्यांतून आपा छत्री काखेत धरून खोपीखोपीला फिरत होते, कारण गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा होता.

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणं. एकाने बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. बाकीच्या गावांतून ते ठरलेल्या शब्दांत होतं, चुकलं माकलं पदरात घे, लेकरांना सांभाळ. आपांचं तसं नसे. वडिलांमागे तीसएक वर्षं ते गाऱ्हाणं घालत होते आणि प्रत्येक वेळी त्यात ताजी खबर असे. कुणाच्या म्हशीचा पाय मोडला, कुणाच्या मुलाचं दुबईचं काम होत नाही, कुणाच्या सुनेचं माहेरपण राहिलंय. त्यासाठी ते आधी घरोघर जाऊन विचारत. लोक सांगत, आणि काही लोक जास्तही सांगत.

एकदा दोन भावांचं कुंपणावरून वाजलं होतं. थोरल्याने आपांना गाठून सांगितलं, देवाला सांगा की धाकट्याने माझी दोन हात जमीन खाल्ली. आपांनी गाऱ्हाण्यात सांगितलं, अगदी मोठ्याने, की म्हाराजा, ह्याचं म्हणणं असं आहे की भावाने जमीन खाल्ली, आता खरं काय ते तुला माहीत, मला मोजणीचा नकाशा बघायला मिळाला नाही. गावाने सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि मग सगळे हसायला लागले. थोरला वर्षभर बोलला नाही. आपांना त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ते मी दोन दिवसांत चारदा ऐकलं: “देव बहिरो नाय. पण माझ्या तोंडसून खरा ऐकाची तेका सवय लागली आसा.”

स्टँडवरही त्यांनी हेच केलेलं. एकदा शेवटची गाडी घाटात बंद पडली. साहेबांनी सांगितलं की ‘थोड्याच वेळात येत आहे’ असं पुकारत राहा, लोक शांत राहतात. आपांनी पुकारलं की गाडी बंद पडली आहे, ती आज येईल असे मला वाटत नाही, ज्यांना कुणाकडे राहता येईल त्यांनी उजेड आहे तोवर जावे. लोक गेले आणि आपांची बदलीही झाली. ही गोष्ट काकींनी सांगितली आणि सांगताना त्या रागात होत्या, कारण बदलीच्या गावी त्यांना पाणी विहिरीवरून आणावं लागलं होतं. “खरा बोलले हे, आणि घागर माझ्या कमरेर,” त्या म्हणाल्या. आपा हे ऐकून खूश होऊन कोंबड्या मोजत बसले.

कोंबड्यांचंही एक प्रकरण होतं. मागच्या गावपळणीला आपांची एक कोंबडी टोपलीतून सुटली आणि शीव ओलांडून सरळ गावात घरी गेली. सगळे काठावर उभे राहून तिला हाका मारत राहिले, पण आणायला कोणी आत गेलं नाही. ती तीन दिवस आत एकटी राहिली. चौथ्या दिवशी आपांनी गाऱ्हाण्यात तिचं नाव घेऊन सांगितलं की म्हाराजा, आमची एक कोंबडी चुकून तुझ्याकडे राहिली, मुकं जनावर आहे, समजून घे. देवाने कौल दिला. घरी गेले तर कोंबडीने माजघरात अंडं घातलेलं होतं. आपांनी ते खाल्लं नाही, देवळात नेऊन ठेवलं. यंदा म्हणून ते सकाळ-संध्याकाळ कोंबड्या मोजत होते. सातच होत्या, पण मोजायला त्यांना पंधरा मिनिटं लागत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडेही आले. तुझं काय सांगू, म्हणाले. मी हसले. म्हटलं माझं काय असणार, मी इथली नाही. “शिवेर रवलंस मां? मगे तुझाय सांगूचा लागात,” असं म्हणून त्यांनी स्वतःच ठरवलं, की ही मुलगी एकटी हिंडते आहे, तिला वाटेत बरी माणसं भेटू देत, एवढं घालू. माझ्यासाठी देवाकडे कुणी इतकं नेमकं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकींना धाप लागली. सकाळपासून भाताचं गवत हलवणं चाललं होतं, धूळ उडत होती. पिशवी शोधली तर दम्याचा पंप नाही. तो घरीच राहिला होता, स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात, देवळीत. आपा उभ्या जागी खाली बसले. “सात कोंबड्ये मोजलंय,” ते म्हणाले, “आणि हिचो पंप इसारलंय.” कोकणातला माणूसच ही चूक करू शकतो. गाव सोडताना त्याने मांजर घेतलं, विळी घेतली, शेजारच्या म्हातारीची काठीसुद्धा घेतली.

तरी त्यांनी लगेच उपाय केला. गावचा रिक्षावाला नितीन सगळ्यांच्या सामानाची यादी घेऊन मालवणला निघाला होता, तो अजून फाट्यावरच होता. त्याला फोन लावून पंपाचं नाव सांगितलं. तो म्हणाला दोन तासांत येतो. काकी बसून श्वास ओढत होत्या, ओठ सुकले होते, पण हाताने ‘ठीक आहे’ अशी खूण करत होत्या. शेजारच्या बाई पाठ चोळत होत्या. आपा म्हणाले, वाढलं तर दुसऱ्या गाडीने डॉक्टरकडे नेऊ. सगळं रीतसर चाललं होतं.

माझ्याने ते बघवेना. खरं सांगायचं तर काकींपेक्षाही मला ते थांबणं बघवेना. घर किलोमीटरभरावर आहे, पंप देवळीत आहे, दाराला कुलूप नाही आणि पन्नास धडधाकट माणसं एका दगडापलीकडे जायचं नाही म्हणून बसून आहेत. माझ्यातली ती कामं सोडवणारी बाई उठली. फोनला रेंज शोधून येते असं सांगून मी मळ्याच्या मागून, शेतांच्या बांधांवरून, गावात शिरले.

गावाबद्दल मी फार सांगणार नाही. ते बघायचा मला हक्क नव्हता. एवढंच सांगते की अंगणं झाडून ठेवलेली होती आणि त्यांवर एकाही पायाचा ठसा नव्हता. मी तो उमटवत गेले. भीती वाटली नाही. उलट फार हुशार वाटलं. पंप घेतला, दार ओढलं आणि पाऊण तासात परत आले.

काकींनी दोन झुरके घेतले आणि दहा मिनिटांत त्यांचे खांदे खाली आले. आपांनी विचारलं, “खयसून हाडलंस?” मी म्हटलं, फाट्यावर एका मोटारसायकलवाल्याला थांबवलं, त्याने पुढच्या मेडिकलमधून आणून दिला. खोटं मला पटकन सुचतं. आपांनी पंप हातात घेतला. त्याच्या टोपणाला हिरव्या लोकरीचा धागा बांधलेला होता, टोपण हरवू नये म्हणून काकींनी स्वतः बांधलेला. तो मी आणताना पाहिलाच नव्हता. आपांनी धाग्यावरून अंगठा फिरवला, पंप काकींच्या उशाशी ठेवला आणि ते कोंबड्यांकडे गेले. त्यांनी त्या मोजल्या नाहीत.

तासाभरात नितीन नवीन पंप घेऊन आला. म्हणजे माझ्या शहाणपणाने काकींचा एक तास वाचला. तो तास मोठा होता की छोटा, हे मी आजतागायत स्वतःला विचारते आणि ज्या दिवशी जसं सोयीचं असेल तसं उत्तर देते.

दिवस मावळायच्या बेताला आपा मला विहिरीकडे घेऊन गेले. ओरडतील म्हणून मी तयारीत होते, उत्तरंही तयार होती. ते ओरडले नाहीत. कुठल्या वाटेने गेलीस, कुणी पाहिलं का, दार ओढून घेतलंस ना, नाहीतर वानर शिरतात, एवढं विचारलं. मीच म्हटलं, उद्या मी सगळ्यांसमोर सांगून टाकते.

“सांगशीत,” ते म्हणाले. “मगे गाव परत तीन दीस भायर. पोरांची परीक्षा आसा, लोकांचा भात मळूचा रवला आसा. आणि हिच्या पंपापायी गाव मोडलो म्हणान हिका जल्मभर ऐकूचा लागात. तू जातलंस गो. हिका हयसरच रवाचा आसा.”

मी म्हटलं, मग तुम्ही त्या कोंबडीसारखं सांगा ना, चुकून गेली म्हणून.

“कोंबडयेक ठावक नव्हता,” आपा म्हणाले. “तुका ठावक होता.”

मग तुम्ही काय करणार, असं मी विचारलं. त्यांनी घसा साफ केला. “ते आमचं आम्ही पाहू,” ते शुद्ध मराठीत म्हणाले, “तुम्ही निश्चिंत राहावे.” तीन दिवस ते मला गो म्हणत होते. त्या क्षणी मी त्यांच्यासाठी प्रवासी झाले.

आणि मी खरंच निश्चिंत राहिले, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं, फार लवकर ऐकलं. सकाळी काकींनी मला पेज वाढली, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, “माका बरा वाटला हां. खोटा कित्याक सांगू?” आपा तिथेच वळकट्या बांधत होते. त्यांना ऐकू गेलं असणार.

चौथ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सगळा गाव शिवेवरच्या त्या दगडापुढे जमला. गुरव कौलाची फुलं लावून बसले होते. आपा पुढे येणार म्हणून लोकांनी मध्ये वाट सोडली होती. आपा आपल्या जागेवरून हलले नाहीत. “आवंदा माझ्याच्यान होवचा नाय,” ते म्हणाले.

लोकांना वाटलं घसा बसला. कुणी विचारलंही, घसा काय आपानू? हो म्हटलं असतं तर सुटले असते. आपा म्हणाले, घसा बरा आहे. तब्येत? तब्येत बरी आहे. मग काय? मग काही नाही. म्हातारे मानकरी समजावून थकले, खुर्चीवरच्या बाईंनी दोन शिव्याही घातल्या. शेवटी आपांचा पुतण्या बाळू पुढे झाला. तिशीचा, शाळेत शिपाई असलेला, लाजरा मुलगा. त्याने ऐकून ऐकून जेवढं पाठ होतं तेवढं म्हटलं. घरांची नावं घ्यायला तो विसरला, म्हशीचा पाय राहिला, दुबई राहिली, आणि वाटेत बरी माणसं भेटावीत असं ज्या मुलीसाठी मागायचं होतं ती कुणाच्या लक्षातही नव्हती. प्रत्येक वाक्यापाशी अडखळून तो आपांकडे बघत होता. आपा मान खाली घालून उभे होते. ‘व्हय म्हाराजा’सुद्धा त्यांनी म्हटलं नाही.

कौल लगेच झाला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार, लोकांनी ओरडा केला, गुरांना हाकललं आणि गाव घरी निघाला. मला इतकं हलकं वाटलं की मी आपांना गाठून म्हटलं, आपा, देवाने तर कौल दिला, म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही.

“देवान सोडल्यान गो,” ते म्हणाले. “मी खंय सोडलंय.”

हे होऊन चार वर्षं झाली. नितीनचा नंबर माझ्याकडे आहे, अधूनमधून आंब्याच्या निमित्ताने बोलणं होतं. काकी बऱ्या आहेत. आपांनी त्यानंतर एकदाही गाऱ्हाणं घातलं नाही, जत्रेला नाही, शेताच्या नांगरटीला नाही, घरच्या गणपतीपुढेही नाही. कारण कुणाला ठाऊक नाही, म्हणून गावाने कारणं तयार केली आहेत. गुरवाशी बिनसलं म्हणतात. वय झालं म्हणतात. मोठेपणा वाढला असंही म्हणतात. यंदा पुन्हा गावपळण आहे, येतेस काय, असं नितीनने गेल्या आठवड्यात विचारलं. बघते, म्हटलं. हे लिहायला बसले ते त्या फोनमुळे, आणि लिहून झालं म्हणजे जाईन असं मी स्वतःला सांगते आहे. मला स्वतःचा फारसा भरवसा नाही.

आपांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, फाट्यावर. घरी जाऊन, काकींना आत बसवून, ते मला सोडायला दीड किलोमीटर पुन्हा चालत आले होते. नको म्हटलं तरी आले. पाहुण्याला गाडीत बसवल्याशिवाय मागे फिरायचं नाही असा त्यांचा नियम होता, आणि नियम मोडलेल्या पाहुण्यालाही तो लागू होता. इतक्यात बाळू सायकलवरून धापा टाकत आला. सायकल त्याने रस्त्यातच टाकली. बहुधा वाटभर रडला असावा.

“आपा, माझा काय चुकला?” त्याने विचारलं. “तुमी माझ्यार रागावलास म्हणान गप रवलास, असा सगळे म्हणतत.”

आपांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुझं काही चुकलेलं नाही, म्हणाले.

“मगे कोणाचा चुकला?”

मी त्या दोघांपासून दोन हातांवर उभी होते. आपांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चुकूनही नाही. ते रस्त्याकडे बघत राहिले. वळणावर एसटी दिसली तेव्हा त्यांनीच छत्री उंच करून ती माझ्यासाठी थांबवली. मी चढले. खिडकीतून दिसलं की बाळू अजून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा आहे आणि आपांचं तोंड मिटलेलं आहे. त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. गाडी उभी होती, दार उघडं होतं, आणि मी कंडक्टरकडे कुडाळचं तिकीट मागितलं.